दारांच्या माथ्यावरचा इतिहास

चिमीच्या आईस,

मी इकडे धडधाकट आहे. आधी तेवढं वाचून घे, मग बाकीचं.

आमच्या कॉलेजच्या वसतिगृहाला चाळीस वर्षं झाली. प्राचार्यांना त्याचा इतिहास छापायचाय, पण जुनी कागदपत्रं वाळवीने फस्त केली. मी म्हटलं, "साहेब, इतिहास दारांवर आहे." दार दुरुस्त केलं की कारण आणि तारीख मी त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने लिहितो, तुला ठाऊकच आहे.

साहेब स्वतः शिडीवर चढले! बारा नंबरवर निघालं, "दोघे भांडले, बिजागरी तुटली." ते दोघे आता व्याही आहेत. एकवीस नंबरवर, "पास झाला म्हणून नाचला, लाथ दाराला." साहेब हसता हसता पडायचेच राहिले.

मग सात नंबर. साहेबांनी मोठ्याने वाचलं, "दार ठीक आहे. आज मुलगी झाल्याचं पत्र आलं." मी मान खाली घालून उगाच रंधा पुसत बसलो. साहेब म्हणाले, "मिस्त्री, हे पहिल्या पानावर घ्यायचं."

गुडघा बरा आहे. शिडी आता दुसरेच चढतात, म्हणजे बहुतेक वेळा. तुझा खोकला थांबला का? चिमी येऊन गेली का?

दरवेळी "एवढं काम उरकलं की येतो" म्हणतो, म्हणून तू मनावर घेत नाहीस. बरोबरच आहे तुझं. पण या खेपेला शेवटच्या दारावर लिहूनच टाकलंय, "मिस्त्री कायमचा घरी गेला." तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवलीय. ती तू कळव.

घरची वाट न चुकलेला,
चिमीचा बाप