बंधाऱ्याखालचं उलटं पाणी

१९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. आईच्या गुडघ्याला नवीन तेल लागू पडलं का? इथे थंडी चांगलीच पडलीय. खोलीतला नळ गळतो, घरमालकीण रोज "उद्या बघू" म्हणते आणि मी त्या धारेकडे बघत चहा पिते. तुम्ही म्हणाल, या पोरीला पाण्याशिवाय काही सुचत नाही. नाहीच सुचत.

आई लिहिते, तुम्ही माझ्या नोकरीची चौकशी करता. नोकरी ठीक आहे. म्हणजे, नाहीये. काढलं मला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐका.

आमच्या प्रयोगशाळेत काचेचा लांबलचक कालवा आहे. त्यात मी एक बुटका बंधारा बसवला. वरून पाणी अगदी गरीब दिसतं. भिंतीवरून घसरतं, खाली बुडी मारतं, तळाने पुढे पळतं आणि थोड्या अंतरावर उसळून वर येतं. तिथे त्याचे दोन वाटे होतात. एक पुढे निघून जातो. दुसरा वरच्या वर मागे फिरतो, भिंतीकडे. लाटण्यासारखं जागच्या जागी गरगरत राहतं ते पाणी. रंग सोडला की ते फिरणं स्पष्ट दिसतं. मी लाकडी चेंडू टाकला. भिंतीपाशी गेला, बुडाला, वर आला, पुन्हा भिंतीपाशी. मी जेवून आले तरी तिथेच.

बंधारा कुठला ते तुम्ही ओळखलं असेलच. मापं त्याचीच घेतली होती.

चौकशी समितीला अहवाल जायचा होता. साहेब म्हणाले, "शेवटी एक वाक्य घाला. पोहणाऱ्याचा निष्काळजीपणा."

"नाही घालणार."

"बंधारा आपल्या खात्याचा आहे, बाई. घरचं दुःख इथे आणू नका."

मी कालव्याकडे बोट दाखवलं. "मग त्या चेंडूला सांगा, निष्काळजीपणा सोड म्हणून."

दुसऱ्या दिवशी मला फाटकातून आत सोडलं नाही. बरं, म्हटलं. माशांच्या दुकानातून काचेची जुनी टाकी आणली, आत तसाच बंधारा बसवला, छोटा पंप जोडला, चेंडू सोडला आणि त्याच फाटकाबाहेर मांडून बसले. पहारेकरी हाकलायला आला आणि बघतच राहिला. बायका जमल्या. एक म्हणाली, "अगं, आमची पोरं अशाच बंधाऱ्याखाली डुंबतात की!" मग त्या सगळ्याच माझ्यासकट टाकी उचलून आत शिरल्या. साहेबांना जिना उतरून खाली यावं लागलं.

गेल्या आठवड्यापासून खऱ्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी दगडी पायऱ्या घालताहेत. पायऱ्यांवर धार तुटते, लाटणं तयारच होत नाही. खातं म्हणतं, नेहमीची डागडुजी. म्हणू देत. मला मात्र परत घेतलेलं नाही आणि ते वाक्य त्यांना अजून हवंच आहे.

तुम्हालाही ते हवं असतं, बाबा. विचारणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगता, "घाबरला आमचा धाकटा. शिकवलेलं विसरला." अर्ध्या गावाला पोहायला शिकवणाऱ्याचा मुलगा बुडाला, याची तुम्हाला लाज वाटते. त्याचा फोटोसुद्धा कपाटात ठेवलात.

तो घाबरला नव्हता. काठावरचे लोक सांगतात, तो कितीतरी वेळ हात मारत होता. घाबरलेला माणूस इतका वेळ हात मारत नाही. पण त्या फेसात निम्मी हवा असते, हाताला रेटायला पाणीच सापडत नाही. ऐन उमेदीतले तुम्ही असतात तरी बाहेर आला नसतात. रागवा हवं तर. समोर उभी असते तरी हेच बोलले असते.

सोमवारी समितीपुढे माझी साक्ष आहे. तिथे मी त्याचं नाव घेणार आहे, तुमच्या नावासकट, आडनावासकट. आपल्या घरात आता कुणीच ते घेत नाही. आलात तर पुढच्या रांगेत बसा. नाही आलात तरी मी खालच्या आवाजात बोलणार नाही.

तुमची मुलगी,
आणि अजूनही त्याची ताई