टेबल भिंतीला लाव

३ फेब्रुवारी, सोमवार

टेबल मधोमध! एवढी मोठी खोली, चार भिंती, आणि हिने टेबल मांडलं बरोबर मधे. म्हटलं, भिंतीला लाव. "आजी, तिथे उजेड नाही." म्हटलं, दिवा घे. "आजी, तुला नक्की काय खुपतंय?" काय खुपणार! जाता-येता गुडघा आपटतो, ते खुपतं.

आमची लाँड्री बंद होऊन दोन वर्षं झाली. पुढची खोली रिकामी आणि मागच्या खोलीत आम्ही चौघं एकमेकांच्या अंगावर. आता ऑफिसने नातीला सांगितलं घरून काम कर, तिने खोली बळकावली. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागले. आता आठ-आठ तास खुर्चीला चिकटलेली असते. नाव बदलायला हवं.

पावतीपुस्तकं उरलीत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांवर खुणा घातल्या, तेवढीच माझी शाळा.

४ फेब्रुवारी

काम कसलं ते आज कळलं. आपल्याच बिल्डिंगचं! वर दोन मजले चढवायचेत. पोरगा कमिटीचा सेक्रेटरी, त्यानेच हे काम लेकीच्या ऑफिसला मिळवून दिलं. मला कोण सांगणार? मी म्हणजे कोपऱ्यातली बादली.

पोरगा म्हणतो, "आई, नव्या मजल्यावर आपल्याला दोन खोल्या. तुला खिडकी मिळेल."

मी कधी खिडकी मागितली होती? मागितली होती. असो.

६ फेब्रुवारी

भिंगरी बोलत बोलत काम करते, म्हणून मला सगळं ऐकू येतं. चार मजल्यांचे चार नकाशे. ते कॉम्प्युटरमध्ये घ्यायचे, एकावर एक बसवायचे, मग त्यांच्यावरून भिंती, दारं उभी करायची. तयार झाली की बिल्डिंग गोल फिरवून बघता येते. इंजिनियर तीच बघून ठरवणार, वर वजन किती चढवायचं.

वरच्या तीन मजल्यांचे नकाशे बांधकामाच्या वेळचे आहेत. तळमजल्याचा हरवला, म्हणून ऑफिसचा माणूस मागच्या आठवड्यात येऊन टेपने मापं घेऊन गेला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. का कोण जाणे.

नकाशे काही बसेनात! एक आला तो मुंगीएवढा. कोणीतरी इंचात काढलेला, बाकीचे मिलिमीटरमध्ये. दुसरा भलतीकडेच जाऊन पडला. कागदाच्या पार कोपऱ्यात कोणीतरी एक बारीकशी रेघ सोडली होती. कॉम्प्युटरने तीही बिल्डिंगच धरली आणि मध्य सरकला. एका विसरलेल्या रेघेने अख्खा मजला सरकतो!

भिंगरीने रेघ पुसली. मला म्हणते, "बघ आजी, एवढुशी घाण आणि केवढा गोंधळ."

मी भांडी घासायला उठले.

७ फेब्रुवारी

गुडघा सुजलाय. टेबल तिथेच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारीसुद्धा सुट्टी नाही. सून बहिणीकडे गेलीय, स्वयंपाक माझ्याच गळ्यात.

भिंगरीचं सगळं एका खांबावर अडलंय. वरच्या तिन्ही मजल्यांवर एकाच जागी एक खांब आहे. तिन्ही नकाशे तळमजल्यावर ठेवले की तो खाली येतो तो पुढच्या खोलीच्या ऐन मधे. "आजी, आपल्या लाँड्रीत मधे कधी खांब होता?"

म्हटलं, तुझ्या जन्मापासून तू इथे खेळलीस. आपटलीस का कधी?

"तेच ना! म्हणजे मीच नकाशे चुकीचे बसवलेत."

मग तिने वरचे तिन्ही मजले ढकलत ढकलत नेले, तो खांब भिंतीत जाऊन बसेपर्यंत. पोरगी खुश. मी मान हलवली.

मान हलवायला काही लागत नाही.

१० फेब्रुवारी

भिंगरीच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन. ही स्पीकरवर ठेवते, भांडी घासताघासता मला सगळं ऐकू येतं. "मॅडम, तुमच्या बिल्डिंगमधली माणसं उडत वर जातात का? पहिल्या मजल्याचा जिना तळमजल्याच्या जिन्यापासून सात फूट लांब आलाय!"

हिने खांबाचं सांगितलं. तर साहेब म्हणतो, "खांब हवेत लटकत नाही. खाली दिसत नसेल तर तुम्हाला बसवता आलेलं नाही." शुक्रवारी सकाळी दहाला इंजिनियरला घेऊन तो इथे येणार आहे. तोवर झालं नाही तर काम दुसऱ्याला आणि ही घरी.

"घरीच तर आहे," म्हणाली फोन ठेवून. हसली. मग टेबलावर डोकं ठेवून रडली. तिथेच, मधोमध.

मी पाणी दिलं. दुसरं काही द्यायचं होतं, ते दिलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज तोंड आवरलं नाही. किती वेळा तेच तेच करणार पोरगी! कधी बाहेरचा कोपरा धरते, कधी नकाशाचा मध्य धरते, आणि मधला तो खांब लपवायला बघते. बघवेना.

म्हटलं, इकडे ये, ती चादर धर. दोघींनी घडी घालायला घेतली, टोकाला टोक. टोकं जुळेनात. धुतल्यावर चादर एका बाजूने जास्त आखडते, हे मी हजारो चादरी घडी घालून शिकले. म्हटलं, टोकं सोड. मधली शिवण धर. शिवणीवर शिवण आली की टोकं जातील तिकडे जाऊ देत.

"म्हणजे?"

म्हणजे जिना धर, गं. चारही मजल्यांना जिना एकच आहे. न्हाणीघराचा पाइपही वरपासून खालपर्यंत एकच. तो काही मजल्यामजल्याला जागा बदलत नाही.

तिने जिन्यावर जिना ठेवला. पाइपावर पाइप. सगळं असं बसलं की केस आत जायचा नाही. नकाशे हलू नयेत म्हणून कॉम्प्युटरमध्येच प्रत्येकाला पिन मारली. मला मिठी मारली. आणि मग पडद्याकडे वळली.

खांब परत खोलीच्या मधे आला होता. तिच्या टेबलावर.

तिने मान वर करून छताकडे बघितलं. ट्यूबलाइटच्या शेजारी, रंगाखाली जिथे फुगवटा आहे, तिकडे. मग विचारलं, "आजी, आजोबा नेहमी दारात का बसायचे गं? आत का नाही?"

म्हटलं, वारा लागायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तिने सकाळीच बापाला खांबाचं विचारलं. पोरगा डबा भरता भरता म्हणाला, "काढला असेल बाबांनी. तेव्हा कोण विचारत होतं? गेलेल्या माणसाला आता काय विचारणार!"

"पण पप्पा, वर दोन मजले चढणार आहेत."

"मग टाक ना खाली एक खांब. कॉम्प्युटरवरच तर टाकायचाय. सगळ्यांचं जुळेल, तुझी नोकरी राहील, आजीला खिडकी मिळेल."

माझ्या नावावर!

दुपारी तिने टाकला. मी मागे उभी होते. एक क्लिक, बस. करडा, सरळ, जमिनीपासून छतापर्यंत. पडद्यावर इतका बरा दिसत होता की हात लावून बघावासा वाटला. खाली पडद्याबाहेर तिचं टेबल, तिचा चहाचा कप, तिचे पाय. पाठवल्यावर साहेबाचा लगेच मेसेज — "अखेर जमलं!" तिने मला वाचून दाखवला. आवाजात जीव नव्हता.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावर गेले, शिकवणीच्या बाईंकडे. बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. सतरंजीवर पंधरा पोरं पाढे म्हणत होती. बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. स्वयंपाकघराचं दार परत अडकायला लागलंय. दोनदा रंधा मारून झाला. लाकूड फुगतं हो."

लाकूड नाही फुगत. फेब्रुवारीत कुठलं लाकूड फुगतं? खालची जमीन दबतेय.

मी पोरांकडे बघितलं. सगळी मधोमध बसली होती. पंखा तिथेच आहे ना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

खांब मी काढायला लावला. ह्यांनी नाही.

इस्पितळाच्या चादरींचं काम मिळत होतं आणि इस्त्रीचं मोठं रोलर मशीन आत मावत नव्हतं. हे म्हणाले, खांबाला हात लावायचा नाही. म्हणून हे बहिणीकडे गेले त्या आठवड्यात गवंडी बोलावला. त्याने खांब काढून छताखाली आडवा लोखंडी गर्डर टाकला. म्हणाला, हत्ती नाचले तरी काही होणार नाही. हे परत आले, एकदा छताकडे बघितलं. मरेपर्यंत दारात बसले. वाऱ्यासाठी नाही.

टेबल मी भिंतीला लावलंय. एकटीने. हे पान फाडून तिच्या कीबोर्डवर ठेवते.

भिंगरी, तो खोटा खांब पुस. दहाला साहेब आणि इंजिनियर येतील. तू बोलायचं नाहीस, तुझ्या बापानेही नाही, आणि मेलेल्या माणसाचं नाव कोणी घ्यायचं नाही. मला विचारायचं. उत्तर मी देणार.