सॅन इसिद्रोची गाडी का तापते

२ मे, शनिवार

परत तेच! ओनोफ्रेमामा जेवता जेवता म्हणाला, "या वर्षी सणाला संताची मूर्ती माझ्या गाडीतून जाणार. तुमची म्हातारी दोन वर्षं झाली, निम्म्या वाटेत उकळते. लोक हसतात, बाबा."

आजोबांनी टॉर्टियाच्या तुकड्याने ताटातला मिरचीचा रस्सा पुसून घेतला. मग म्हणाले, "तू जन्मायच्या आधीपासून सॅन इसिद्रो याच गाडीतून शेतं बघत आलाय. त्याला सवय आहे."

"कसली? वाफेची?"

मला हसू आलं. आजोबांनी बघितलं. मग मलाच कसंतरी झालं.

शेवटी ठरलं – पंधरा तारखेला सण, त्याच्या आत गाडी थंड राहायला शिकली तर ठीक, नाहीतर मामाची नवी पांढरी. मामा म्हणतो तिच्यात एसी आहे. पण शेतकऱ्यांचा संत तर मागे उघड्यावर बसणार! त्याला एसीचं काय?

हे मी बोलले नाही. नेहमीसारखं इथे लिहिलं.

४ मे, सोमवार

आज रेडिएटर धुतला. खालच्या बाजूने नळी लावली आणि पाणी उलटं सोडलं. इतका लाल गाळ निघाला की बास! आजोबा म्हणाले, "चाखून बघ, मीठ कमी असेल."

एक्कावन्न सालची पिकअप. आजोबांनी कोलोरॅडोत बटाटे काढून काढून घेतलेली. हिरवा रंग टपावर उडून पांढरट झालाय. हायवेला सोडली तर सांता फेपर्यंत जाऊन येते, तापमानाचा काटा हलत नाही – वारा लागतो ना. तापते ती माणसाच्या चालीने नेली की. आणि सणाची मिरवणूक तर माणसाच्याच चालीची! चर्चपासून निघायचं, पाटाच्या कडेने जायचं, प्रत्येकाच्या शेताशी थांबायचं, फादर पाणी शिंपडणार, मग पुढे.

गाडीखाली शिरलं की मला बोलायला येतं. का कोण जाणे. शाळेत वाचायला उभं करायचे तर जीभ टाळूला चिकटायची. शाळा सोडली ते बरं झालं. आई म्हणते, काही बरं झालं नाही.

७ मे, गुरुवार

थर्मोस्टॅट नवा. पंख्याचा पट्टा नवा – जुन्याला भेगाच भेगा!

पट्टा चढवताना आजोबांना जुनं आठवायला लागलं. पूर्वी वाळवंटातून जाताना पुढच्या बंपरला कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगायचे. वाऱ्याने पाणी गार व्हायचं. आधी गाडीला, मग आजीला, उरलं तर आजोबांना. मला पिशवी आठवत नाही. पण आजी मध्ये आणि मी खिडकीशी, हे आठवतं. खिडकीपुढची ती तिकोनी काच आजी फिरवायची आणि म्हणायची, "घे, फुकटचा वारा!" तिच्या हाताला कांद्याचा वास असायचा.

ती काच आता अडकलीये. उद्या तेल घालून बघते.

९ मे, शनिवार

आज खोटी मिरवणूक काढली! मागे संताच्या जागी चाऱ्याच्या गासड्या, पुढे काठी टेकत आजोबा – फादर म्हणून – आणि त्यांच्या मागे त्यांच्याच चालीने मी गाडी चालवत. डोळे अधू झाल्यापासून त्यांना गाडी चालवू देत नाहीत. प्रत्येक शेताशी थांबून आजोबा कुत्र्यांना आशीर्वाद देत होते.

काटा मधेच. पूर्ण वाट! ऊन तर केवढं होतं!

मग दोन वर्षं काय होत होतं?

आजोबा म्हणाले, "रेफुहिया गेल्यापासूनच तापायला लागली. गाडीलाही कळतं." थट्टा करत नव्हते. रेफुहिया म्हणजे आजी.

१० मे, रविवार

का नाही तापली? गाळ आणि जुना पट्टा तर आजी होती तेव्हाही होते, तरी तेव्हा उकळत नव्हती. तापायला हवी होती!

११ मे, सोमवार

सापडलं!!

स्वयंपाकघरातला मिरवणुकीचा फोटो. रोज बघते, पण आज बघितला. आजी मागे उभी, संत पडू नये म्हणून त्याला कमरेला धरलंय. लायलॅकच्या फुलांच्या फांद्या दोन्ही बाजूंना बांधल्यात. गाडीचं तोंड मोकळं – पुढची सगळी जाळी दिसते.

आणि आता? आजीनंतर सजावट गावातल्या युफेमियाकाकूंकडे गेली. त्या प्लॅस्टिकचे गुलाब घोंगडीवर शिवतात, अगदी गच्च, आणि घोंगडी पुढेच बांधतात, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. वारा जाणार कुठून? नाक दाबलं की तोंड उघडतं. मग रेडिएटरचं झाकण उडणारच!

आजोबांना म्हटलं, काकूंना तुम्ही सांगा.

"मी? मला अजून थोडं जगायचंय."

१३ मे, बुधवार

गेले. काकू टेबलावर घोंगडी पसरून बसलेल्या, तोंडात सुई.

"बोल, डेल्फिना. तुझ्या आजोबांनी पाठवलं की मांजराने?"

काकूंनी बिस्किटं पुढे केली. मी तीन खाल्ली. काकू म्हणाल्या, "खायला येतं म्हणजे तोंड चालतं तुझं."

मग मी काय केलं, मलाच खरं वाटत नाही! घोंगडीचं टोक उचललं आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट धरलं. तशीच उभी राहिले. लालबुंद होईपर्यंत. मग खाली घेतलं आणि म्हटलं, "गाडीला असं होतं, काकू."

काकूंनी सुई काढली. "म्हणजे दोन वर्षं मी गाडीचं नाक दाबून बसलेय म्हणतेस?"

मी मान हलवली.

"कार्टे! आधी नाही सांगायचं?" नंतर घोंगडी फिरवून बघत, "गाडीच्या मागच्या फळीला बांधली तर चालेल? पण सगळी फुलं लागली पाहिजेत. एकही कमी नाही!"

चालेल म्हटलं. मोठ्याने म्हटलं!

१५ मे, शुक्रवार

नाही उकळली!!!

मधे एकदा, आर्चुलेतांच्या शेताशी फादरनी फार वेळ लावला, तेव्हा काटा चढायला लागला होता. आजोबा म्हणाले, "हीटर लाव." भर उन्हात! पण इंजिनची गरमी तेवढीच आत ओढली जाते. मी लावला. आम्ही दोघं घामाने भिजलो आणि काटा उतरला. मामा खिडकीत डोकावला आणि हात मागे घेतला. "इथे ब्रेड भाजताय का?"

सॅन इसिद्रो शेवटच्या शेतापर्यंत गेला, परत आला, कुठे खोळंबा नाही. जेवणाच्या आधीच सगळं उरकलं! असं दोन वर्षांत झालं नव्हतं. मामाने बॉनेटवर थाप मारली. "म्हातारी शहाणी झाली." काकू सगळ्यांना सांगत होत्या की फुलं मागे लावायचं त्यांनाच सुचलं. सांगू देत.

आजोबा गाडीतून उतरलेच नाहीत. दमले असतील.

१६ मे, शनिवार

सकाळपासून आजोबा बंद गाडीत बसलेले. मी शेजारी जाऊन बसले. तेव्हा म्हणाले, "काल रेफुहियाचं नाव कुणीच काढलं नाही."

मग मला आठवलं. दोन्ही वर्षं गाडी उकळली तेव्हा ती निवेपर्यंत सगळे झाडाखाली बसले होते. करायला काही नव्हतं, म्हणून आजीच्या गोष्टी निघाल्या. तिने एकदा फादरलाच पाटात ढकललं ती, आणि बाकीच्या. सगळ्यांत मोठ्याने आजोबा हसत होते. काल आम्ही थांबलोच नाही.

उतरताना म्हणाले, "पुढच्या वर्षी युफेमियाची फुलं पुढेच बांध."