अंगाऱ्याची फुंकर

अहो,

उठलात की ओटीवर जाऊ नका. तिथलं रक्त नितेश भावोजींचं आहे, मी येऊन पुसेन.

तुमचे हे धाकटे बंधू मुंबईहून खोकतच आले. टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात, हे जाऊबाईंनी मला फोनवर सांगितलं. धावत आत आल्ये, तर तुम्ही औषधाच्या गुंगीत झोपलेले आणि हे देवीचा अंगारा तुमच्या तोंडावर फुंकतायत! मानगूट धरून बाहेर ओढलं आणि पाट डोक्यात घातला. दोन दातही पडले. आता टाके घालायला नेत्ये.

मास्क लावा, खिडक्या उघडा. तुमच्या डॉक्टरांना कळवलंय.

पुन्हा त्यांना बोलावलंत तर पाट तुमच्याही डोक्यात घालीन. पोटात मात्र मारणार नाही. तिथली किडनी माझी आहे.

सुचिता