माझ्या पेटीवर तुझ्या माश्या

दि. ९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझी कंबर धरली आहे आणि मांजरीला पिल्लं झालीत.

परवा मामा आले होते. चहा माझा प्यायले आणि गुणगान तुझं केलं. "धाकटीचा हात मधमाश्यांना मानवतो," म्हणाले. मी "हो ना" म्हटलं आणि कप असा आदळला की त्याचा कान तुटला. तुला पेटी उघडायला शिकवलं कोणी? पहिला डंख बसल्यावर भोकाड पसरून कोणाच्या कुशीत शिरलीस? ते मामा सोयीस्कर विसरले. जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

मागे तू ओढा ओलांडून औषधाच्या पट्ट्या घेऊन आलीस. "ताई, दोघींच्या पेट्यांना एकाच दिवशी लावू. एकीकडे व्हरोआ किडा राहिला, तर दुसरीकडे पुन्हा येणारच." मी म्हटलं, "आता तूच शिकव मला!" पट्ट्या कपाटावर फेकल्या. तू विचारलंस, तेव्हा लावल्या म्हणून सांगितलं.

आता माझी कोपऱ्यातली पेटी शेवटच्या घटका मोजतेय. माश्यांचे पंख चुरगळलेले, अंगावर तांबडे किडे चिकटलेले. दारावर राखण करायला कोणी उरलं नाही, त्यामुळे सकाळपासून मधाची लूट चालली होती. माझ्या माश्या काळपट; लुटणाऱ्या पिवळ्याधमक, म्हणजे तुझ्या.

दार बुजवायला गवताचा एक बोळा पुरला असता. तो हातात घेऊन मी बसून राहिले. मधाबरोबर त्या काय घेऊन जाताहेत, ते मला ठाऊक होतं. "ने बाई, ने," असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. बरं वाटलं गं. खूप बरं वाटलं.

मग तुझी एक माशी माझ्या मनगटावर टेकली. तिच्या पोटाला किडा होता. नखाने काढायला गेले, निघेना. उडाली ती तशीच, तुझ्या घराकडे. तेव्हा मात्र मी ताडकन उठले.

बोळा लावला आहे, पण सकाळ हातची गेली. तुझ्या पट्ट्यांची मुदत संपली असेल. आजच नव्या लाव, एकही पेटी सोडू नकोस. माझ्या उरलेल्या पेट्यांना मी लावतेय. माझ्या शब्दावर विसंबू नकोस, स्वतः येऊन झाकणं उघडून बघ.

फोनवर बोलायला तोंड नाही, म्हणून दूधवाल्याच्या हाती हे पाठवतेय. मामांना सांगायचं तर खुशाल सांग.

अजूनही म्हणणार असशील तर,
तुझी ताई