टेडचा पाय आणि माझी मान

मंगळ., ६ जून २००६
लाँग वीकेंडनंतरचा दिवस, म्हणजे सगळं लोअर हट गाव एकदम आजारी. दुकानात हीऽ गर्दी. त्यात दु. म्हाताऱ्यांच्या होममध्ये मीटिंग, फार्मासिस्ट म्हणून मी. होम सरकारी, राहणारे सगळे जुने सैनिक, आणि औषधं आमच्या फार्मसीतून. मालक ब्रूस म्हणतो, होम गेलं तर दुकानाला टाळं.
मॅनेजरबाई पॅमने नवी टूम काढलीय. युद्धातल्या जखमेचं औषध सैनिकाला पेन्शन ऑफिसकडून फुकट मिळतं, अगदी सरकारी यादीत नसलेलंसुद्धा. आता होम म्हणे प्रत्येकाचं तपासणार, दुखणं युद्धाचं की वयाचं. वयाचं ठरलं की बंद. आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, दोस्त टेड; त्याचा पाय वयात टाकला. कळेवरच्या कॅप्सूल बंद, त्याऐवजी पॅरासिटामॉल. पायात इटलीतल्या लढाईतलं लोखंड अजून तसंच आहे. बहुधा तेही म्हातारं झालं असणार.
हे वाक्य तिथे सुचायला हवं होतं. सुचलं घरी, भाकरी मोडताना.

शुक्र., ९ जून
स. पॅमचा फोन. खुशीत. "तू ॲग्री केलंस, म्हणून आमचे डॉक्टरही लगेच तयार झाले. स्वीट ॲज!" म्हणजे इथलं 'झकास'.
मी? ॲग्री? मग उमजलं. मीटिंगमध्ये ती बोलत होती आणि मी अर्धा तास हं, हं करत मान हलवत होतो. आपल्याकडे तेवढं केलं नाही तर समोरचा विचारतो, "ऐकतोयस ना?" मी ऐकत होतो. तिने होकार मोजला.
तेव्हाच सांगायचं, की बाई, माझा होकार नाही. ब्रूस मागे उभा होता. मी म्हणालो, "नो वरीज." म्हणजे काही हरकत नाही.
मानेचं एक वेळ समजू शकतो. पण या दोन शब्दांचं काय…

मंगळ., १३ जून
दादांना होमवर सोडलं. गावाहून आल्यापासून दर मंगळवारी टेडकडे जातात. दोघं एकाच साली इटलीत होते, वेगवेगळ्या पलटणींत. दादांचं इंग्रजी परेडपुरतं, टेडचं मराठी शून्य. मग तिथे उचललेल्या इटालियनवर भागवतात. पाने म्हणजे पाव, दोमानी म्हणजे उद्या. दोन तास पुरतं. माझ्या मुलीशी दादांचं इतकंही बोलणं होत नाही.
आज टेड खिडकीपाशी नव्हता. पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. दादांनी विचारलं तर "दोमानी, दोमानी."
गाडीत दादा, "सुध्या, गडी आठवड्यात खचला. औषध कुणी तोडलं रं त्याचं?"
"पेन्शन ऑफिसने."
ब्याऐंशीच्या टेडला दुखणं दिलं वयाने, आणि चौऱ्याऐंशीच्या बापाला थाप दिली मी. जमाखर्च बरोबर.

शुक्र., १६ जून
जॉन्सनव्हिलला मराठी मंडळाची तालीम. गणपतीसाठी मी लिहिलेलं प्रहसन. त्यात एक मॅनेजरीण म्हाताऱ्यांच्या कवळ्या 'वयाच्या' म्हणून जप्त करते. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. "सुधीरराव, काय जीभ आहे हो तुमची!"
येताना गाडीत बायको, मीना, पुढे बघत म्हणाली, "अहो, हेच पॅमला इंग्रजीत कधी म्हणणार?"
वायपर चालू ठेवले. पाऊस थांबला होता.

बुध., २१ जून
टेड जेवणाच्या खोलीत येत नाही. होमची नर्स काउंटरवर सांगून गेली. उठायला गेला, कळ आली, तसाच खाली बसला. पडला नाही, "बसला". तिचा शब्द.
संध्या. दादांना सगळं सांगितलं. मान, हं हं, फोन, ब्रूस, सगळं.
दादांनी कानटोपी सारखी केली.
"मान हलली, ते जाऊ दे. फोनवर तोंड हुतं का न्हाई?"
"होतं."
"मग?"
दादा जेवले नाहीत. मीनाने ताट झाकून ठेवलं.

शनि., २४ जून
शहाणपण केलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खाजगी चिठ्ठी आत्ता देतो, पण खर्च पेशंटचा. म्हटलं, माझा. कॅप्सूल घेऊन टेडकडे.
बाटली बघून म्हणाला, "हे पेन्शनचं, की तुझं, सन?"
"माझं."
"मग घेऊन जा."
म्हटलं, टेड, पाय दुखतोय ना? "हीप्स," म्हणाला, म्हणजे ढीगभर. "पण माझ्या हक्काचं आहे ते. तुझ्याकडून घेतलं की पॅम सुटली. पेन्शन ऑफिस सुटलं. आणि तूही."
मग मानेची गोष्ट सांगितली. त्याला माफ करायला सोपं जावं म्हणून जरा विनोदी करून. हसला नाही.
"मला वाटलं, तू त्यांचा माणूस आहेस. नुसताच सभ्य निघालास. पायाला फरक कळत नाही रे."
मराठीत माझ्याबद्दल कोणी इतकं नेमकं बोललेलं नाही.

गुरु., २९ जून
वेळ मागून घेतली. पॅम, डॉक्टर, मी. ब्रूसला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "तुझं तू बघ," आणि गोळ्या मोजू लागला.
मी: माझी संमती नव्हती. त्या पायाला पॅरासिटामॉल पुरत नाही.
पॅम: "पण तू सारखा नॉड करत होतास!"
आमच्यात ऐकताना मान हलवतात, असं सांगितलं. टुरिस्ट गाइडसारखा वाटलो स्वतःला. म्हणून पुढचंही सांगून टाकलं, की फोनवर चूक सुधारता आली असती. तुमचं काम हातचं जाईल म्हणून गप्प बसलो.
पॅम लाल झाली. वाईट बाई नाही ती. वरून खर्चाची कात्री आली, तिने चालवली. कात्रीला धार मी दिली.
डॉक्टर बुटांकडे बघत म्हणाले, जखम युद्धातलीच असं पेन्शन ऑफिसला आजच कळवतो. मंजुरी आली की कॅप्सूल सुरू. कधी येईल? खांदे उडवले.
तोवर टेड पॅरासिटामॉलवर. माझं बोलून झालं, त्याचं दुखून झालेलं नाही. मला वाटलं होतं, बोललो की हलकं वाटेल. छे.
आणि मागच्या मीटिंगला आणखी कुणाकुणाचं काय काय 'वयात' गेलं? मला टेड तेवढा आठवतो, कारण दादा त्याच्याकडे जातात. उद्या सगळी नावं काढून बसायचं.

सोम., ३ जुलै
ऑफिसकडून काही नाही. नावं काढली. टेड एकटा नाही. पॅमकडे परत जायचंय, ब्रूस बोलत नाही.
दादांचं शनिवारचं परतीचं विमान. येऊन सहा महिने झाले. मीनाने बॅगा काढल्या, दादांनी एक-एक करून परत कपाटावर चढवायला घेतल्या. चौऱ्याऐंशी वय!
"दादा, अहो काय करताय?"
"त्याचं औषध सुरू झाल्याबिगर म्या विमानात बसत न्हाई. तिकीट फुडं ढकल."
"त्याला महिना लागेल, दोन लागतील. व्हिसा बघावा लागेल."
"बघ की मग. हे तूच करून ठिवलंयस."
मीना चहा टाकायला आत गेली.
एअरलाइनला फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची मुलगी. "हॅपी टु चेंज दॅट. नवी तारीख कोणती टाकू?" तारीख तर पेन्शन ऑफिसच्या हातात.
दादा बॅगेवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.
"विचारून सांगतो," म्हटलं.
कोणाला, ते तिने विचारलं नाही.