आजाराचा रकाना

६ जानेवारी, सोमवार

"नाई म्हणून लिही" — असं सांगून मी फोन ठेवला!

दिव्यानीचा फोन होता, सासरहून, ऊर्जानगरहून. तिचे सासरे वामनराव वीज केंद्रातून रिटायर झाले, तर सगळ्या घराले जहाजावर घेऊन चालले. सिंगापूरहून चार रात्री समुद्रात. तिकिटं झाली. आता जहाजवाले म्हणतात, प्रवासाचा विमा काढा. त्या फॉर्मात एक रकाना आहे — आधीपासूनचा काही आजार? पोरगी विचारते, "आई, काय लिहू?"

पोरीले सिकलसेल आहे, रक्तातला. नुसती वाहक नाई, पक्का आजार. जन्मापासून.

आणि मी फोन ठेवला, पदर नीट केला, शाळेत गेले अन् मोठ्या वर्गातल्या पोरींसमोर अर्धा तास बोलले — लग्नाआधी पत्रिका नका पाहू, सिकलसेलचं कार्ड पाहा! आशा वर्कर ना मी. बारा वर्षं गावात हेच सांगून राह्यली. पोरींनी टाळ्याही वाजवल्या. लाज वाटू दे, बायनाबाई, लाज!

७ जानेवारी

आज कोणाच्या घरी फिरकले नाई. ताप आहे म्हणून सांगतलं. ताप कुठला न काय.

८ जानेवारी, बुधवार

लिहूनच टाकते. कागद काही कोणाले सांगायले जात नाई.

अडीच वर्षं झाली. वामनराव पोरगी पाहायले आले. हुंडा नको, पत्रिका नको. एकच म्हणले, "बाई, पोरीचं सिकलसेलचं कार्ड तेवढं दाखवा." एवढा शहाणा सोयरा! आणि खरं कार्ड दाखवलं असतं तर हेही स्थळ गेलं असतं. आधीची तीन गेलीच होती. तिचे बाबा वारल्यावर एकटीनं वाढवली तिले. तिसऱ्या नकारानंतर दोन दिवस जेवली नव्हती पोरगी.

शिबिरातली कोरी कार्डं माझ्या पिशवीत होती. शिक्का मारलेली. पाचशेक कार्डं भरली असतील या हातानं. आणखी एक भरलं. नाव दिव्यानी, तपासणी निगेटिव्ह. अक्षर कसं सुंदर काढलं होतं मी, मेलीनं!

वामनरावांनी त्यांच्या पोराचं कार्डही पुढे केलं, तर मी हात जोडले. "राहू द्या भाऊ, तुमच्यावर विश्वास आहे." विश्वास कशाचा! मी त्यांचं वाचत बसले असते तर ते आमचं वाचत बसले असते. 

दिव्यानी म्हणाली होती, मी सांगून देते हेमराजले. मी म्हणलं, सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. पोटच्या पोरीले असं बोलले.

जवाई हेमराज सूरजागडच्या खाणीवर कामाले, आठवड्यातून एकदा घरी. अंग दुखायले लागलं की पोरगी माहेरी निघून येते. सासरी समजतात संधिवात आहे. सासू बिचारी लावायले तेल कढवून देते बाटलीत.

१० जानेवारी, शुक्रवार

सिंदेवाहीले जाऊन आले. वहाबभाईचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं त्यांची पोरगी मदीहा आता पॉलिस्या काढून देते. माझा बेत असा — सासरच्या फॉर्मात काही लिहायचं नाई, अन् दिव्यानीची एक वेगळी पॉलिसी काढून ठेवायची, गुपचूप.

"ओळखीतल्या एका बाईची पोरगी आहे," मी सुरू केलं. खोटं बोलायची सवयच झाली जिभेले.

मदीहानं कॉम्प्युटरवर तीन दाखवल्या. पहिली स्वस्त, जुन्या आजाराले एक रुपया नाई. दुसरीत सामान हरवलं, विमान चुकलं, सगळं भरून देतात, पण जुन्या आजाराचं तेच. तिसरी महाग. तिच्यात जिवावर बेतलं तर जुन्या आजाराचाही खर्च, अन् जहाजावरून उचलून किनाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचाही. पण आजार आधी लिहून द्यायचा अन् डॉक्टरचं पत्र जोडायचं.

"आणि नाईच लिहिला तर?"

"काकू, मग तिन्ही बेकार. लपवलं म्हणून हात वर करतील. अन् बिल सगळं डॉलरमध्ये."

"दोन पॉलिस्या काढल्या तर? एकीत लिहायचं, एकीत नाई?"

पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. "एकाच माणसाचा आजार दोन ठिकाणी वेगळा कसा राहील, काकू?" मग हळूच म्हणाली, "त्या बाईले घेऊन या न एकदा." तिले कळलं असेल. वरून चहा पाजला मले. तो चहा कसा प्याले माझं मले माहीत.

विमान, एसीची थंडी, पाणी कमी पिणं — हेच तर दुखणं उठवते. हे मीच शिकवते गावात. चारी बाजूंनी पाणी अन् मधोमध पोरगी तळमळून राह्यली तर?

१२ जानेवारी, रविवार

दिव्यानीशी फोनवर भांडण. "जगाले खरं कार्ड वाटते तू न मलेच खोटं देते!" मग रडली. "आई, शपथ काढून घे. आता सांगाच लागते. आता नाई सांगतलं तर मग काही खरं नाई."

आताच काऊन, एवढंही मी विचारलं नाई. "संसार मोडून घे मग!" म्हणून फोन आपटला.

१५ जानेवारी, बुधवार

वामनरावांनी सगळ्यांचा भरलेला फॉर्म मोबाइलवर पाठवला. "दिव्यानीचं नाव, जन्मतारीख तपासून घ्या, बाई."

वामनराव — बीपी. त्यांची बायको — गुडघेदुखी. दिव्यानी — काही नाही. हेमराज — सिकलसेल वाहक.

तीनदा वाचलं. 

म्हणून कार्ड मागितलं होतं त्यांनी! जवाई वाहक आहेत, तर सून साफ पाहिजे, एवढाच त्यांचा हिशोब. लपवलं काहीच नाई. पुढे केलं होतं न कार्ड! मीच हात जोडून बसले. नवरा वाहक अन् बायको आजारी, तर प्रत्येक खेपेले अर्धी शक्यता की लेकरू आजारी निघेल. फळ्यावर गोल काढून काढून शिकवते मी हे, बायकांना झोपेतही पाठ असेल!

१७ जानेवारी, शुक्रवार

ऊर्जानगरले गेले. आज सांगायचंच म्हणून गेले.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वामनराव मोबाइलमध्ये जहाज दाखवत बसले. "पाहा बाई, अकरा मजले! वर पोहायचं तळं!" मग शेजारच्या बायांना माझी ओळख करून दिली. "ह्या आमच्या विहीणबाई. आशाताई आहेत न, म्हणून आम्ही निर्धास्त."

 दिव्यानी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, माझ्या तोंडाकडे पाहत. सगळं ओठावर आलं होतं. अन् मी काय केलं? वाणाची स्टीलची वाटी उचलली, "येते हं" म्हणलं अन् बस धरली.

थू माझ्या जिंदगानीवर.

१९ जानेवारी, रविवार

सांगतलं.

फोनवरच. समोर उभं राहायची हिंमत माझ्यात नाई. जवाई सुट्टीवर घरी होते, त्यांनाच. म्हणलं, "कार्ड खोटं होतं. दिव्यानीले आजार आहे. पोरीची काही चूक नाई, मी शपथ घातली होती. सिंदेवाहीची एक पोरगी आजार लिहून पॉलिसी काढून देते." एका दमात. मध्ये थांबले असते तर राहून गेलं असतं.

 तिकडे मागे टीव्ही चालू होता, कोणीतरी हसून राह्यलं होतं टीव्हीत.

"कार्ड कोणी भरलं?"

"मी."

"तुम्ही? स्वतः?"

"हो."

 शिव्या देतील वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणले, "बुधवारी रजा टाकतो. त्या पॉलिसीवालीचा पत्ता पाठवा. खरं लिहून काढू." आवाज असा, की जणू माझ्याशी नाई, भिंतीशी बोलून राह्यले.

२० जानेवारी

दिव्यानीचा फोन नाई. मी केला नाई.

२२ जानेवारी, बुधवार

मदीहाच्या दुकानात जवाई, दिव्यानी अन् मी बसलो होतो, ती एकेक प्रश्न वाचत होती. आजार? "सिकलसेल," जवाईच बोलले, माझ्याकडे न पाहता. डॉक्टरचं पत्र आणलं होतं त्यांनी. तिनं पुढचा प्रश्न वाचला — गर्भवती?

दिव्यानीनं मान खाली घातली.

"हो," जवाई म्हणले. "तिसरा महिना." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "जहाजावरून फोन करून सांगणार होतो तुम्हाले."